पावती कुठे आहे? मावळातली कॉलेजं, फीचा पैसा आणि बातमीदाराचं काम

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडचे फोन वाढतात. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड. कधी अब्बा बोलतात, कधी मामू, पण बहुतेक वेळा बोलते ती घरातली मोठी मुलगी, कारण ऑनलाइन फॉर्म भरायचं काम तिच्याच गळ्यात पडलेलं असतं. प्रश्न ठरलेला असतो. "कॉलेजवाले इतके मागतायत. बरोबर आहे का?"

आमचाही प्रश्न ठरलेला. "पावती दिली का?"

इथे बहुतेक फोन थंड पडतात. पावती नसते. असली तर अर्ध्याच रकमेची असते. उरलेल्या रकमेला कुणी 'डेव्हलपमेंट' म्हणतं, कुणी 'डोनेशन', मध्ये एजंट असला तर तो 'सीट कन्फर्म करायचे' म्हणतो. मग आम्ही विचारतो, यावर बातमी करू का? पलीकडून लगेच येतं, "नको नको, पोराची चार वर्षं जायचीत तिथे. नाव येऊ देऊ नका."

आम्हाला त्यांचा राग येत नाही. आपलं लेकरू ज्यांच्या ताब्यात द्यायचं, त्यांच्याशी भांडण कोण घेईल? पण उच्च शिक्षणातल्या पैशाच्या बातम्या इतक्या कमी का येतात, याचं अर्धं उत्तर या भीतीत आहे. उरलेलं अर्धं आमच्या धंद्यात आहे. त्याकडे पुढे येतोच.

पैसा फंडाचा तालुका

मावळ म्हटलं की आपल्याला इंद्रायणी तांदूळ, चिक्की आणि पावसाळ्यातली गर्दी आठवते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा कॉलेजांचाही तालुका झाला. लोणावळ्याजवळ कुसगावला सिंहगडचा कॅम्पस आहे. तळेगावला मायमर मेडिकल कॉलेज, नूतन महाराष्ट्रचं इंजिनीअरिंग, जुनं इंद्रायणी महाविद्यालय. आंबी-वराळेकडे डी. वाय. पाटील. साते गावात पिंपरी चिंचवड युनिव्हर्सिटी. सकाळची लोकल कॉलेजच्या बॅगांनी भरलेली असते, आणि त्यात आपलीही मुलं-मुली आता दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या घरात कुणी गॅरेज चालवतं, कुणाची बेकरी आहे, कुणी बंगल्यांची राखण करतं, कुणी टॅक्सी. फीचा हप्ता आला की या घरांमध्ये आधी सोनं बाहेर निघतं, मग नातेवाइकांकडे शब्द टाकला जातो. बँकेचं कर्ज म्हटलं की व्याजाचा प्रश्न उभा राहतो आणि अनेक घरं तिथेच मागे फिरतात. म्हणजे हा पैसा कर्जखात्यातून न जाता हातातून हातात जातो. रोखीत. आणि रोखीचा पैसा कागदावर सापडत नाही.

याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय इथे पोरांना हुन्नर शिकवू लागले. हाताने काम करायचं शिक्षण मावळात लोकांच्या एकेका पैशावर उभं राहिलं होतं. आज त्याच रस्त्यावर एका जागेसाठी बाप दुकानाचा गाळा विकायला काढतो. मधल्या काळात काय झालं, ते समजून घेतल्याशिवाय आजची बातमी कळत नाही.

डोनेशन बेकायदा आहे, हे किती जणांना माहीत आहे?

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. सरकारकडे पैसा नव्हता आणि मुलं कर्नाटकात जाऊन डोनेशन भरत होती, तेव्हा तो पैसा इथेच राहू दे, असा सरळ हिशेब होता. चारच वर्षांत सरकारला त्याच डोनेशनविरुद्ध कायदा करावा लागला. १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा. ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेतलेली कुठलीही रक्कम, तिला नाव काहीही द्या, कॅपिटेशन फी धरली जाते आणि त्यासाठी कैदेची तरतूद आहे. हा कायदा आजही आहे. इतक्या वर्षांत या कायद्याखाली झालेल्या शिक्षेची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत, हे जरा आठवून बघा.

मग सुप्रीम कोर्टाचे निकाल आले. १९९२ चा मोहिनी जैन, १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै. आणि १२ ऑगस्ट २००५ चा तो निकाल, ज्याच्यावर आपल्या पुण्याचं नाव आहे: पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. इनामदार सर म्हणजे कॅम्पातल्या आझम कॅम्पसचे. सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर, मग त्या अल्पसंख्याक असोत वा नसोत, सरकार आपला कोटा लादू शकत नाही. आपल्या समाजात या निकालाचा हा भाग सगळ्यांना पाठ आहे. संस्था चालवण्याचा हक्क, कलम ३०, वगैरे. पण त्याच निकालात दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे लिहिली आहे: कॅपिटेशन फी चालणार नाही, नफेखोरी चालणार नाही, आणि फी वाजवी आहे की नाही हे बघायला सरकार समिती नेमू शकतं. हे अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे. हा भाग आपल्या जलशांमधून फारसा सांगितला जात नाही. आम्हीही तो पुरेसा सांगितलेला नाही.

त्याच वाटेने महाराष्ट्रात आधी शिक्षण शुल्क समिती आली आणि २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण. अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. इंजिनीअरिंग, फार्मसी, एमबीए, मेडिकल अशा विनाअनुदानित कॉलेजांनी आपला खर्च या प्राधिकरणापुढे मांडायचा, प्राधिकरणाने तो तपासून प्रत्येक कॉलेजची प्रत्येक कोर्सची फी ठरवायची. ती फी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. कॉलेजचं नाव, कोर्स, वर्ष, ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, एकूण रक्कम. कुणालाही बघता येते, लॉगिन लागत नाही.

आता बातमीदार नेमकं काय करतो ते सांगतो, कारण सिनेमातल्यासारखं त्यात काही नसतं. तो प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा एका बाजूला ठेवतो आणि विद्यार्थ्याच्या हातातली पावती दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले तर बातमी नाही. जुळले नाहीत तर तो पुढे जातो. कॉलेजच्या वेबसाइटवर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जाहीर केलेली माहिती असते: शिक्षक किती, कोण, फी किती, संस्थेचे विश्वस्त कोण. तिथे दाखवलेले शिक्षक खरोखर वर्गावर येतात का, हे विद्यार्थ्यांना विचारता येतं. संस्था ट्रस्ट असते, त्यामुळे तिचा ताळेबंद आणि जमाखर्च दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातो. तिथे अर्ज करून नक्कल मागता येते. "आम्ही खाजगी आहोत, माहिती अधिकार आम्हाला लागू नाही," असं कॉलेज म्हणतं. ठीक आहे. पण शुल्क प्राधिकरणाला, सीईटी सेलला, तंत्रशिक्षण संचालनालयाला, समाजकल्याण खात्याला आणि विद्यापीठाला तो लागू आहे. कॉलेजने त्यांना दिलेला कागद त्यांच्याकडून मागता येतो. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून अडवतात, अपील करावं लागतं, महिने जातात. कंटाळवाणं काम आहे.

कुसगावच्या कॅम्पसवरून कळतं काय?

सिंहगड टेक्निकल एज्युकेशन सोसायटी १९९३ साली स्थापन झाली आणि तिचा विस्तार पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत झाला. तिच्याभोवतीच्या दोन गोष्टी सार्वजनिक नोंदीत आहेत, आणि दोन्ही आम्हाला पत्रकारितेचा धडा म्हणून महत्त्वाच्या वाटतात.

पहिली २०१७-१८ मधली. वर्षाहून जास्त काळ पगार थकल्याची तक्रार घेऊन संस्थेच्या कॉलेजांतले प्राध्यापक आंदोलनात उतरले. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीपोटी सरकारकडून यायची मोठी रक्कम अडकली आहे. बहुतेक पालकांनी ही बातमी 'शिक्षकांचा प्रश्न' म्हणून वाचली आणि पान उलटलं. खरं तर ती पालकांचीच बातमी होती. शुल्क प्राधिकरण फी ठरवतं ती खर्चावर, आणि इंजिनीअरिंग कॉलेजच्या खर्चात सगळ्यांत मोठा आकडा शिक्षकांच्या पगाराचा असतो. म्हणजे तुम्ही भरलेल्या फीतला मोठा हिस्सा पगारासाठीच ठरलेला असतो. कुठल्याही कॉलेजात पगार होत नसतील, तर बातमीदाराने विचारायचा प्रश्न तिथेच सुरू होतो: फीच्या प्रस्तावात पगाराचा किती खर्च दाखवला, आणि बँकेतून किती गेला? दुसरीकडे सरकारनेही उत्तर द्यायचं असतं, कारण शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर न देणं ही सरकारची जुनी सवय आहे आणि खाजगी कॉलेजांची ती तक्रार खोटी नाही. सरकारचा हप्ता लांबला की कॉलेज विद्यार्थ्याला म्हणतं, "आधी तू भर, आले की परत देऊ." गॅरेजवाल्याच्या घरात तो 'आधी' कुठून आणायचा?

दुसरी गोष्ट कोर्टाची आहे. जुलै २००५ मध्ये आयकर खात्याने संस्थेच्या अध्यक्षांकडे झडती घेतली. तिथे सापडलेल्या सुट्या कागदांवर कॅपिटेशन फीच्या नोंदी आहेत, असं खात्याचं म्हणणं होतं. त्यावरून संस्थेला अनेक वर्षांच्या नोटिसा गेल्या. प्रकरण न्यायाधिकरण, हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टात पोचलं, आणि २९ ऑगस्ट २०१७ ला निकाल संस्थेच्या बाजूने लागला. कारण? खात्याने २०००-०१ ते २००३-०४ या चार वर्षांसाठी नोटिसा काढल्या होत्या, पण हाती असलेले कागद २००४-०५ किंवा त्यानंतरचे होते. ज्या वर्षाचा कागद नाही, त्या वर्षाची नोटीस टिकणार नाही, इतकंच कोर्टाने म्हटलं. डोनेशन घेतलं की घेतलं नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता.

आता यावर दोन चुकीच्या बातम्या सहज होऊ शकतात. 'संस्थेने डोनेशन घेतलं' ही एक. 'कोर्टाने संस्थेला क्लीन चिट दिली' ही दुसरी. निकालात दोन्ही नाहीत. आम्ही हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही प्रकारचे मेसेज फिरतात आणि लोक ते आमच्याकडे पाठवून विचारतात, "हे छापा ना." पैशाच्या बातमीत कागदाचं साल चुकलं की आयकर खात्यासारखं खातं, इतकी ताकद असून, सुप्रीम कोर्टात हरतं. मग तीन-चार माणसांच्या न्यूजरूमचं काय होईल?

बातमीची किंमत

काय होतं, हे सांगायला एक उदाहरण पुरे आहे. आयआयपीएम नावाची मॅनेजमेंट शिकवणारी संस्था होती. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं जाहिराती. २००५ मध्ये मुंबईतून निघणाऱ्या जॅम या तरुणांच्या छोट्या मासिकाने त्या जाहिरातींतले दावे एकेक करून तपासले. रश्मी बन्सल संपादक होत्या. मोठ्या वर्तमानपत्रांनी ते काम केलं नव्हतं. गौरव सबनीस या मराठी तरुणाने आपल्या ब्लॉगवर त्या लेखाचा दुवा दिला, तर त्याला १२५ कोटींची नोटीस. तो आयबीएममध्ये नोकरीला होता. संस्थेने त्याच्या कंपनीवर दबाव आणला, तिथे विकत घेतलेले लॅपटॉप जाळण्याची भाषा झाली. कंपनीला त्रास नको म्हणून त्याने स्वतःहून नोकरी सोडली, पण लिहिलेलं मागे घेतलं नाही.

२०११ मध्ये कॅरव्हॅन मासिकाने संस्थेच्या प्रमुखांवर सिद्धार्थ देब यांचा मोठा लेख छापला. मासिक दिल्लीचं, संस्था दिल्लीची. पन्नास कोटींचा दावा लागला आसामातल्या सिलचरला. तारखेला जायचं तरी वकील घेऊन तिथे जायचं. लेखावर बंदी आली ती २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उठवली. सात वर्षं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, ग्वाल्हेरच्या एका कोर्टाच्या आदेशावरून संस्थेविषयीची ७३ वेबपानं देशभर बंद केली गेली, आणि त्यांत खुद्द यूजीसीची नोटीस होती, ज्यात ही संस्था विद्यापीठ नाही आणि पदवी देऊ शकत नाही असं लिहिलेलं होतं! सरकारी इशारा सरकारनेच झाकला. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने संस्थेला एमबीए, बीबीए असे शब्द वापरायला मनाई केली. जॅमने प्रश्न विचारल्याला तोवर नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत किती मुलांनी फी भरली असेल?

मेडिकलमध्ये तर त्याहून भयंकर. मध्य प्रदेशातल्या व्यापम घोटाळ्यात मेडिकल प्रवेशपरीक्षेचा बाजार उघड झाला. त्याची बातमी करायला झाबुआला गेलेले आज तकचे अक्षय सिंह ४ जुलै २०१५ ला एका मयत विद्यार्थिनीच्या घरी तिच्या वडिलांशी बोलून झाल्यावर कोसळले आणि गेले. पाचच दिवसांत सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला.

मावळात असं काही होत नाही, अल्लाहचं शुक्र. इथे बातमी थांबते ती साध्या कारणाने. जून ते ऑगस्ट हे कॉलेजांच्या जाहिरातींचे महिने. तालुक्याच्या साप्ताहिकाचा, लोकल केबलचा, आणि लपवत नाही, आमच्यासारख्या वेबसाइटचाही वर्षाचा बराचसा खर्च या तीन महिन्यांत निघतो. 'प्रवेश सुरू' ची पट्टी ज्या पानावर असते, त्याच पानावर फीची बातमी लावायची म्हणजे काय, हे ज्याला पगार द्यायचेत त्यालाच विचारा. आम्ही दोन वर्षांपूर्वी ठरवलं की कॉलेजची जाहिरात घ्यायची तर शुल्क प्राधिकरणाने मंजूर केलेली फी जाहिरातीत छापायची. त्यानंतर आलेल्या जाहिराती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

'आपली' संस्था

आणखी एक दार आहे, ते आतून बंद असतं. कॉलेज आपल्याच समाजाच्या ट्रस्टचं असलं की आम्हाला थांबवणारा फोन संस्थेकडून येत नाही. तो आपल्याच बुजुर्गांकडून येतो. "कौमची संस्था आहे, बदनामी का करता?" अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. त्या कॅपमधून भरल्या गेल्या का, उरलेल्या कुणाला गेल्या, किती पैशांत, हे विचारणं म्हणजे बदनामी कशी? त्या जागा आपल्याच पोरांच्या आहेत. त्या हिशेबाशी जकातीच्या आणि देणग्यांच्या पैशाचाही संबंध असतो. तो देणाऱ्याला हिशेब विचारायचा हक्क आहे.

गप्प राहण्याचं काय होतं, हे २०२३ मध्ये दिसलं. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने २१ राज्यांत शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्था तपासल्या. त्यांतल्या ८३० बनावट किंवा बंद निघाल्या. २०१७-१८ पासूनच्या पाच वर्षांत १४४ कोटींवर रक्कम गेली असं सांगण्यात आलं आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. ही चोरी कुणाच्या ताटातून झाली? गरीब मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध मुलांच्या. त्याच्या तीन वर्षं आधी झारखंडमध्ये इंडियन एक्सप्रेसच्या बातमीदाराने हाच प्रकार शाळेच्या पातळीवर उघड केला होता. पद्धत तीच कंटाळवाणी: पोर्टलवरची लाभार्थ्यांची यादी घ्यायची आणि त्या पत्त्यावर जाऊन विचारायचं, तुला किती मिळाले? कौमच्या किती वेबसाइटनी, आमच्यासकट, हे आधी केलं होतं? कुणीच नाही. आम्ही तेव्हा शिष्यवृत्ती कमी होण्याविरुद्ध लेख लिहीत होतो. ते बरोबरच होतं, पण पुरेसं नव्हतं.

कारण शिष्यवृत्त्या खरंच कमी झाल्या. पीएचडीसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद होत असल्याचं सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. देशाच्या उच्च शिक्षण पाहणीत मुस्लिम विद्यार्थी २०१९-२० मध्ये सुमारे २१ लाख होते, पुढच्याच वर्षी सुमारे १९ लाख. कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण त्या वर्षी एससी, एसटी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली.

राज्यात मात्र काही गोष्टी आहेत, आणि फोनवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ यांवरच घालवतो. जुलै २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आपल्यातले बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, तांबोळी, मणियार असे अनेक समाज ओबीसीत आहेत. जे कुठल्याही आरक्षणात बसत नाहीत, त्यांना उत्पन्नाच्या अटीत ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. शिवाय महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. पण माफी मिळते ती कॅपमधून प्रवेश घेतला तर. एजंटच्या नादाने मॅनेजमेंट कोट्यात जागा घेतली की ती गेली. डोनेशन देऊन घेतलेल्या जागेचा हा दुसरा दंड, आणि तो चारही वर्षं भरावा लागतो.

मावळात यापुढे आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागेल. इथे आता खाजगी विद्यापीठं येत आहेत. नाव मोठं, कॅम्पस चकाचक. पण मुलींची ती फी माफी स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. कॉलेज आणि विद्यापीठ एकाच ग्रुपचं, एकाच आवारात किंवा शेजारी, बोर्डवर फरक एका शब्दाचा. कामशेतच्या आपाला तो फरक कोण सांगणार? प्रवेशाच्या टेबलावर बसलेला माणूस सांगेल अशी आशा धरू नका.

एक चिठ्ठी

गेल्या हंगामात एका अब्बांनी बऱ्याच दिवसांनी परत फोन केला. मुलाचा प्रवेश झाला होता, पैसे देऊन झाले होते. कॉलेजचं नाव-गाव इथे देत नाही. या लेखात ज्या संस्थांची नावं आली त्यांपैकी ते नाही. दुसऱ्या कॉलेजात चांगली ब्रँच मिळत होती म्हणून प्रवेश रद्द करायचा होता, तर मूळ दाखले मिळेनात. मूळ दाखले अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय. ते आम्ही त्यांना पाठवलं, ते प्रिंट काढून घेऊन गेले, आणि दाखले संध्याकाळपर्यंत मिळाले. मंजूर फी, पावतीप्रमाणे, नियमातली वजावट करून परत आली. वरचे पैसे नाही.

मग त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा. त्यावर निळ्या पेनाने एक आकडा, खाली तारीख. कॉलेजचं नाव नाही, शिक्का नाही, सही नाही. "यावर बातमी होईल ना?" त्यांनी विचारलं.

आम्ही तो फोटो वकिलांना दाखवला. त्यांनी मान हलवली. शुल्क प्राधिकरणाकडे तक्रार करता येईल असं आम्ही अब्बांना सांगितलं, अर्जाचा मसुदाही करून दिला. रोख रक्कम कुणाच्या हातात दिली, त्या माणसाचं नाव त्यांनी अर्जात लिहायचं होतं. धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे, असं ते म्हणाले. अर्ज अजून आमच्याकडेच आहे, त्या जागी रेघ मोकळी सोडलेला.